न केलेला फोन

वाचकाचे पत्र:

'मी नाशिकला राहते, वय 49. शाळेपासूनची माझी एक जिवलग मैत्रीण लग्नानंतर पुण्याला गेली आणि आमचा संपर्क तुटला. 2011 मध्ये तिने मला फेसबुकवर शोधून काढले. पुढे व्हॉट्सॲपवर आमच्या दहावीच्या तुकडीचा ग्रुप झाला आणि रोजच एकमेकींची खबर मिळू लागली. गेल्या मार्गशीर्षात तिच्या आई गेल्या. त्या शेवटी ठाण्याला मुलाकडे असत. बातमी एका वर्गमित्राने ग्रुपवर टाकली. मीही सर्वांसारखे "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिले. रात्री फोन करू म्हटले, तो राहिला. मग इतक्या उशिरा काय बोलायचे म्हणून राहूनच गेला. आता माझे मेसेज ती वाचते, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर एका शब्दाचे येते किंवा येतच नाही. परवा तिने काश्मीरच्या सहलीचे फोटो टाकले, म्हणजे दुःखातून ती सावरली आहे. राग फक्त माझ्यावर दिसतो. दहावीच्या वर्षी ज्या काकूंच्या हातचे मी रोज खाल्ले, त्यांची बातमी मला ग्रुपवर कळावी? तिने स्वतः का कळवले नाही? आता वाटते, ही फेसबुक-व्हॉट्सॲपची मैत्री पोकळच. पूर्वीची मैत्री खरी होती. सगळे बंद करून टाकावे का?'

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटीच देईन, कारण पत्र दोनदा वाचल्यावर माझे असे मत झाले आहे की आपल्याला सलणारी गोष्ट ती नाही. सलणारी गोष्ट आपण पत्राच्या मधोमध, एका अर्ध्या वाक्यात उरकून टाकली आहे: फोन करायचा होता, तो राहिला. बाकीचे पत्र, म्हणजे तिने का कळवले नाही, निळ्या खुणा काय सांगतात, काश्मीरच्या फोटोंचा अर्थ काय आणि जुन्या काळची मैत्री कशी खरी होती, हे सगळे त्या न केलेल्या फोनभोवती रचलेले आहे. तेव्हा सल्ला आधी सांगतो आणि त्याची कारणे मागून देतो. तो फोन आता करा.

ग्रुपवर निधनाची बातमी आली की पुढे काय होते, हे आपण सर्वजण पाहत आलो आहोत. पहिला 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो, दुसरा 'ॐ शांती', तिसरा नुसतेच हात जोडलेले चित्र टाकतो, चौथा वरचा मजकूर जसाच्या तसा उचलून खाली चिकटवतो आणि त्याबरोबर गेलेल्या व्यक्तीच्या नावातली चूकही खाली उतरते. आणि ही रांग पुरती थांबण्याआधीच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक तिच्याखाली येऊन बसतो. हेतू कोणाचाच वाईट नसतो. मात्र लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी एक हिशेब मिटतो. आपल्याला कळले, आपण दुःख व्यक्त केले, आपले नाव रांगेत आले. आता फोन केला नाही तरी कर्तव्य चुकले असे म्हणता येत नाही. दोन शब्दांनी मनावरचे ओझे इतके हलके होते की रात्री फोन उचलण्याइतके ते उरतच नाही. आपला फोन राहिला तो आळसामुळे नव्हे, तर या हलकेपणामुळे राहिला असे मला वाटते.

पूर्वी बातमी आणि भेट एकमेकींना बांधलेल्या असत. कोणी येऊन, लिहून किंवा फोन करून सांगितल्याखेरीज आपल्याला कळत नसे. आणि कळल्यावर समाचाराला गेल्याखेरीज किंवा चार ओळींचे पत्र टाकल्याखेरीज, आपल्याला कळले आहे हे समोरच्या घराला समजत नसे. सामाजिक माध्यमांनी ही गाठ सोडवली. आता मैत्रिणीच्या मुलाचा निकाल, तिचे नवे घर, तिच्या गुडघ्याचे दुखणे हे सारे तिला न विचारताच आपल्याला कळते, आणि जे आधीच ठाऊक आहे ते विचारण्यासाठी फोन कोण करतो? 'काय चाललंय तुझं?' हा आपल्याकडच्या मैत्रीतला सर्वांत कामाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर रोज पडद्यावर दिसू लागल्यावर तो प्रश्नच मागे पडला. 2011 पासून आजपर्यंत आपण एकमेकींशी आवाजात किती वेळा बोललात, याचा पत्रात कुठेच उल्लेख नाही, आणि तो नसणे मला बोलके वाटते.

याविषयी एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. फेसबुकमध्येच काम करणाऱ्या संशोधक मोइरा बर्क आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे रॉबर्ट क्राउट यांनी 2016 मध्ये, या माध्यमावर मिळणाऱ्या कोणत्या प्रकारच्या संवादाने माणसाला बरे वाटते, हे तपासले. जवळच्या माणसाने आपल्याला उद्देशून, स्वतःच्या शब्दांत लिहिलेला मजकूर मिळाला तर त्या व्यक्तीच्या मनःस्थितीत सुधारणा दिसत होती. एका टिचकीत मिळालेली पसंती किंवा सर्वांसाठी टाकलेल्या पोस्ट वाचणे यांचा तसा संबंध आढळला नाही. याचा आपल्या प्रसंगाशी जोडून अर्थ लावायचा तर तो असा की ग्रुपवरच्या श्रद्धांजलीच्या रांगेतून आपल्या मैत्रिणीला फारसे काही मिळाले नसणार, आणि त्या रांगेतली आपली ओळ तिला इतरांच्या ओळींहून वेगळी ओळखूही आली नसणार. काकूंच्या घरी न जेवलेल्या वर्गमित्रांनी जे लिहिले, तेच शब्द आपणही लिहिलेत. तिला लागले असेल तर ते हे लागले असेल.

आता आपल्या तक्रारीकडे वळतो. तिने स्वतः का कळवले नाही, असे आपण विचारता. आपणच लिहिले आहे की बातमी वर्गमित्राने टाकली. म्हणजे तिने ती ग्रुपवर टाकून आपल्याला परस्पर मोकळे केले, असे घडलेलेच नाही. आई गेलेल्या दिवशी लेक फोन करत बसत नाही. पूर्वीसुद्धा ते काम एखादा पुतण्या किंवा शेजारी करत असे, आणि 'मला स्वतः का कळवले नाही' असे तेव्हा कोणी मनात आणत नसे. शिवाय आपल्या समाजातली एक रीत येथे ध्यानात घ्या. समाचाराला येणारी माणसे मुलाच्या घरी येतात. दिवस होतात ते तिथे, पै-पाहुणे जमतात ते तिथे. लग्न झालेली लेक तेराव्यानंतर आपल्या घरी परतते, दुसऱ्या दिवशी डबे भरते, कामावर जाते, आणि तिच्या दारी 'आई गेली ना तुझी' म्हणून कोणी येत नाही, कारण सर्वांच्या लेखी ते घर सुतकाचे नसते. पुण्याच्या त्या घरात आपला फोन गेला असता तर कदाचित तिथला तो एकटाच ठरला असता.

निळ्या खुणांविषयी मला थोडे कडक बोलावेसे वाटते. नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सॲपने त्या सुरू केल्या तेव्हापासून या देशातील किती रुसवे-फुगवे त्यांच्या खात्यावर जमा झाले असतील याची गणती कोणी केलेली नाही, पण त्या खुणांचा अर्थ इतकाच आहे की मेसेज तिच्या पडद्यावर उघडला गेला. ती तेव्हा सिग्नलला थांबली होती, की स्वयंपाक करत होती, की वाचून डोळे भरून आले म्हणून तिने फोन उलटा ठेवला, यातले काहीही त्या खुणांना ठाऊक नसते. एका शब्दाच्या उत्तराचेही तेच. 'ठीक' या शब्दात राग आहे, थकवा आहे की घाई, हे आवाजातून क्षणात कळते. लिहिलेल्यातून आपण आपल्या मनात असेल तेच वाचतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी 2005 मध्ये केलेल्या प्रयोगांत ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होते की आपले वाक्य उपरोधाचे आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला 100 पैकी 78 वेळा ओळखता येईल. प्रत्यक्षात ते 56 वेळाच ओळखले गेले, म्हणजे नाणे उडवून ठरवण्यापेक्षा थोडेसेच बरे. तेच वाक्य आवाजात ऐकवले की ओळख पुष्कळच बरोबर येत होती. आपण मनात अपराधीपण घेऊन तिचे मेसेज वाचता, म्हणून प्रत्येक 'हो' आणि 'ठीक' यांत आपल्याला राग दिसतो. राग असेलही. पण तो आहे असे ठरवण्यासाठी आपल्यापाशी पुरावा म्हणावा असे काहीच नाही.

काश्मीरच्या फोटोंवरून ती सावरली आहे असा निष्कर्ष आपण काढलात, तो तर मला मुळीच पटत नाही. सहल आधीच ठरलेली असेल. घरच्यांनी तिला मुद्दाम नेले असेल. दल सरोवराच्या काठी माणूस हसतो तो समोर कोणी फोटो काढत असते म्हणून, आणि फोटो कोणता टाकायचा हे हॉटेलवर येऊन निवडून ठरवलेले असते. 'आज दुपारी ताटावर बसल्यावर आईची आठवण आली आणि घास उतरला नाही' याचा फोटो कोणी काढत नाही.

मैत्री पोकळ आहे, आणि पूर्वीची खरी होती, या आपल्या विधानाला मात्र माझा सरळ विरोध आहे, आणि तो आपल्याच पत्राच्या आधारे आहे. आपली जुनी, खरी मैत्री लग्नानंतर तुटली. ती 2011 पर्यंत तुटलेलीच होती. आपल्या पिढीतील असंख्य स्त्रियांच्या बाबतीत हेच घडले. गाव बदलले, आडनाव बदलले, काही घरांत तर पहिले नावही बदलले. माहेरच्या वाड्याची इमारत झाली आणि जुना पत्ता गेला. सासरच्या लँडलाइनवर मैत्रिणीशी अर्धा तास बोलत बसणे कोणालाच रुचत नसे. पुरुषांच्या शाळासोबत्यांचे कट्टे गावात टिकून राहिले, स्त्रियांच्या मैत्रिणी पांगल्या. फेसबुक सप्टेंबर 2006 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्याच सुमारास ऑर्कुटवर शाळांच्या नावांच्या कम्युनिटी भरत होत्या, आणि बायका आपल्या नावापुढे कंसात माहेरचे आडनाव लिहू लागल्या, ते केवळ हौसेने नव्हे; जुन्या वर्गातल्या कोणीतरी आपल्याला शोधावे म्हणून. आपल्या मैत्रिणीने आपल्याला शोधले, म्हणजे शोधण्याचे काम तिने केले. ज्या साधनाने तुटलेले जोडून दिले त्याला पोकळ म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. त्याची मर्यादा वेगळी आहे: दारावरची घंटा वाजली म्हणजे भेट झाली असे होत नाही, दार उघडून पाहुण्याला आत घ्यावे लागते, आणि तेवढे आपण दोघींनी गेली कित्येक वर्षे लांबणीवर टाकले.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे वेळ. जो आपण आधीच घालवला आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अंदाज मांडला की नुसत्या ओळखीचे रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, मैत्रीत व्हायला 90, आणि जवळच्या मैत्रीत व्हायला 200 हून अधिक. आणि त्यात नुसते एकत्र काम करण्याचे तास फारसे कामी येत नाहीत, गप्पा आणि थट्टामस्करीचे येतात. दहावीच्या त्या एका वर्षात काकूंच्या घरी आपण दोघींनी हे तास कितीतरी पटींनी भरून काढले असणार. नवी माणसे जोडताना पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा वेळ आणायचा कुठून, हा पुष्कळांचा प्रश्न असतो, आपला नाही. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1992 पासून मांडलेली, एका माणसाला नाती राखता येतील अशा साधारण 150 माणसांची मर्यादा आपण कदाचित ऐकली असेल. 2016 मध्ये त्यांनी फेसबुक वापरणाऱ्यांची पाहणी अभ्यासली तेव्हाही, यादीत सरासरी दीडशेहून अधिक नावे असली तरी संकटात ज्यांच्याकडे धाव घेता येईल अशी माणसे लोकांनी सरासरी चारच सांगितली होती. ग्रुपमधल्या बाकीच्या वर्गमित्रांकडून आपण सणाच्या शुभेच्छा घ्याव्यात, चांगल्या डॉक्टरचे नाव विचारावे, मुलाच्या नोकरीसाठी ओळख काढावी. त्यासाठी ती ओळख पुरेशी आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. पण आपली पुण्याची मैत्रीण त्या चौघांपैकी आहे, आणि तिला आपण ग्रुपच्या हिशेबात धरलेत.

आता फोनविषयी. 'इतक्या उशिरा काय बोलायचे' ही भीती सार्वत्रिक आहे आणि ती बहुतेक वेळा खोटी ठरते. अमित कुमार आणि मघाशी उल्लेख केलेले एप्ली यांनी 2021 च्या एका प्रयोगात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितले, काहींना ईमेलने आणि काहींना फोनने. फोनवर अवघडल्यासारखे होईल असे लोकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात तसा अवघडलेपणा आला नाही आणि आवाजात बोललेल्यांना जवळीक अधिक जाणवली. चार महिने झाले म्हणून सांत्वनाची वेळ टळली असेही समजू नका. पहिल्या पंधरा दिवसांत माणसांचा राबता असतो. खरी पोकळी त्यानंतर, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर जाणवते.

मेसेज करून 'फोन करू का' असे विचारू नका. त्याला पुन्हा एका शब्दाचे उत्तर येईल. व्हिडिओ कॉलही नको. रडू आले तर तोंड लपवण्याची सोय असावी. रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, साधा फोन करा. माफी मागायची ती दोन वाक्यांत मागा आणि तिथेच थांबा: 'काकू गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं. आले नाही, साधा फोनही केला नाही, चुकलं माझं.' का राहिले, त्या आठवड्यात घरी काय चालले होते, हे सांगत बसू नका. त्या स्पष्टीकरणांनी माफीची वकिली होते. 'तू तरी कळवायचंस' हे वाक्य तर या फोनमध्ये चुकूनही येऊ देऊ नका. त्याऐवजी काकूंविषयी बोला. त्यांच्या हातचे काय आवडायचे, अभ्यास सोडून गप्पा मारताना पकडल्यावर त्या काय म्हणायच्या, परीक्षेला निघताना हातावर दही कसे ठेवायच्या, जे आपल्याला खरोखर आठवत असेल ते. आई गेलेल्या माणसाला आईची एखादी न ऐकलेली गोष्ट मिळणे ही फार मोठी चीज असते, आणि ग्रुपवरच्या कोणापाशीही ती नाही, आपल्यापाशी आहे. त्या काळचा काकूंचा एखादा फोटो आपल्या अल्बममध्ये असेल तर तो ग्रुपवर टाकू नका. त्याची छापील प्रत करून घ्या आणि पुण्याला जाताना बरोबर न्या. हो, पुण्याला जावे लागेलच. नाशिकहून जाणे-येणे दमवणारे आहे हे मला ठाऊक आहे, तरी एक रात्र तिच्याकडे मुक्काम होईल असे जा.

तिने फोन उचलला नाही, किंवा उचलून कोरडेपणाने बोलली, तर काय? तेही शक्य आहे. तिला खरोखरच राग आला असेल तर तो काढण्याचा तिला हक्क आहे, आणि तो ऐकून घेणे हा माफीचाच भाग आहे. तसे झाल्यास हाताने एक पत्र लिहा, वर सांगितलेल्या काकूंच्या आठवणींचे, आणि पोस्टाने पाठवा. उत्तराची मुदत मनात धरू नका. पुढच्या मार्गशीर्षात वर्षश्राद्ध येईल. त्या दिवशी तिला आपला फोन गेलाच पाहिजे, मग मधल्या काळात ती बोललेली असो वा नसो.

राहिला शेवटचा प्रश्न, सगळे बंद करावे का. फेसबुक बंद करण्याचे मला काही कारण दिसत नाही. जिच्यासाठी आपण ते बंद करू म्हणता, ती आपल्याला तिथेच सापडली. ग्रुप सोडण्याचीही गरज नाही, सूचना म्यूट करा म्हणजे दिवसभराची टिणटिण थांबेल. आणि जवळच्या चौघांपैकी कोणाची वाईट बातमी तिथे दिसली तर फोन करून होईपर्यंत तिथे काही लिहायचे नाही, इतके स्वतःपुरते ठरवून घ्या. बंद करायचेच असेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली जाऊन निळ्या खुणा आणि 'लास्ट सीन' या दोन गोष्टी बंद करा. आपल्या बंद केल्या की समोरच्याच्याही आपल्याला दिसत नाहीत, आणि आपल्याला सध्या नेमके तेच हवे आहे.